गड पायी, मुलूख सायकलवर

नवी माउंटन बाइक घेतली की पुण्याचा माणूस पहिल्याच रविवारी सिंहगडाच्या घाटाला लागतो आणि मुंबईचा माणूस येऊरकडं वळतो. त्यात गैर काही नाही, दम चांगला लागतो. पण तो सगळा डांबरी रस्ता. जाड टायरच्या, पुढच्या फोर्कला शॉक असलेल्या सायकलला तिथं काही कामच नसतं. साधी रोड बाइकही तो घाट तिच्याआधी चढून जाते. या सायकलीला मुरूम, कातळ, गाडीवाट, झाडी आणि चढउतार लागतात. हे सगळं एकत्र पाहिजे असेल आणि वाटेत दोन हजार वर्षांचा इतिहासही भेटला तर हवा असेल, तर जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग धरा. पुण्यापासून जुन्नर शंभर किलोमीटरच्या आत आहे.

हा मुलूख सायकलवर का पाहायचा, याचं कारण त्याच्या इतिहासातच आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल कोकणातून नाणेघाटानं वर चढायचा, जुन्नरला यायचा आणि तिथून पैठणकडं जायचा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात मोडतात. बाहेर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. या व्यापारावर जुन्नर श्रीमंत झालं, म्हणून भोवतीच्या डोंगरांत इतकी लेणी खोदली गेली आणि त्यांच्या दानलेखांत यवन दात्यांची नावं आली. वाटेवर नजर ठेवायला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे गड उभे राहिले. आधी वाट, मग गड. आपण मात्र गाडीनं थेट पायथा गाठतो, गड चढतो, फोटो काढतो आणि परततो. वाट बघायची राहूनच जाते. ती बघायला चालत जाणं फार हळू आणि मोटार फार वेगाची. सायकलचा वेग त्या कामाला नेमका पुरतो.

त्यामुळं पहिला नियम असा: गड पायी चढायचा, गडांमधला मुलूख सायकलवर फिरायचा. गडाच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवल्याचे व्हिडिओ हल्ली बरेच दिसतात. त्यातलं कसब मान्य, पण जागा चुकीची. चावंड आणि जीवधनच्या पायऱ्या १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. जे उरलंय ते आधीच खिळखिळं आहे. शिवनेरी आणि लेण्याद्री तर संरक्षित स्मारकं आहेत. नाणेघाटाची मूळ दगडी वाटही सायकलची नाही. माथ्यापासून कोकणातल्या वैशाखऱ्याच्या बाजूला उतरणारी ती फरसबंदी झिजलेली आणि जागोजागी निखळलेली आहे. सायकल खांद्यावर घेऊन ती उतरणारे उत्साही लोक भेटतात. त्यांचे गुडघे त्यांचे, पण निखळणारा दगड मात्र सगळ्यांचा असतो. माथ्यावर सायकल ठेवा आणि लेण्यापर्यंत चालत जा.

सायकल ठेवायची कुठं, हा रास्त प्रश्न आहे. पायथ्याच्या झाडाला कुलूप घालून जाण्यापेक्षा गावातल्या घराच्या पडवीत विचारून ठेवा. लोक बहुधा नाही म्हणत नाहीत. परतल्यावर तिथंच चहा घ्या आणि चहाचे पैसे देताना हात आखडू नका. लेण्याद्रीला मात्र माकडांची काळजी घ्या. हँडलच्या पिशवीत केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की राहिली तर चेन उघडायचे कष्ट माकड घेत नाही. ते पिशवीच फाडतं.

आता हंगाम. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरून घोडा विकायला जुन्नरला आला आणि पावसाळा लागला म्हणून इथंच अडकून पडला. इथल्या पावसाची आणि चिखलाची नोंद त्यानं करून ठेवली आहे. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला होता, तो भाग वेगळा. साडेपाचशे वर्षांत रस्ते बदलले, चिखल बदललेला नाही. जून ते सप्टेंबर या भागात सायकल आणू नका. शेवाळलेल्या ओल्या कातळावर कुठलाही टायर धरत नाही, माथ्यावर धुकं इतकं दाट असतं की कडा कुठं संपतो ते कळत नाही, आणि शनिवार-रविवारी नाणेघाटाच्या रस्त्यावर उलटा धबधबा बघायला आलेल्या गाड्यांची रांग लागते. खाली नदीकाठच्या काळ्या मातीचा चिखल तर टायर आणि फोर्क यांच्यामध्ये गच्च बसतो आणि चाक फिरेनासं होतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीपर्यंत खरा हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भातकापणी चालू असते. गवत पिवळं पडलेलं, ओढ्यांना पाणी, हवा स्वच्छ. या दिवसांत लोक रस्त्याकडेला भात वाळत घालतात. त्यावरून चाक न्यायचं नसतं, हे खरं तर सांगायला लागू नये. मार्चनंतर ऊन चढतं, वणवे लागतात, आणि पावसाळ्यात धो-धो पाऊस पडणाऱ्या याच वाड्यांत विहिरी तळाला जातात. तेव्हा गावात पाणी मागायचं म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्यातलं मागायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करून कातळावर वाळवतात. औषधाला जाणारा हा हिरडा या भागातल्या कित्येक घरांचं रोख उत्पन्न आहे. कातळ मोकळा दिसतो म्हणून त्यावर सायकल घालण्याआधी खाली काय पसरलंय ते बघा.

सायकलीबद्दल लोक फार विचारतात, म्हणून जरा सविस्तर. या भागाला पुढच्या बाजूला शॉक असलेली साधी हार्डटेल पुरते. मागेपुढे दोन्हीकडं शॉक असलेली स्वस्तातली जड सायकल कधीही घेऊ नका. तिचा मागचा शॉक झटके कमी आणि तुमची ताकद जास्त खातो. चढासाठी सर्वांत हलका गिअर असा हवा की पुढच्या चाकीचे दाते मागच्या मोठ्या चाकीपेक्षा कमी भरतील. पुढं ३२ आणि मागं ५० च्या आसपास असेल तर उत्तम. पण २२ किंवा २४ दात्यांची लहान चाकी असलेली जुनी तीन चाक्यांची सायकलही चढाला मुळीच कमी पडत नाही, तेव्हा जुनी विकून नवी घ्यायची घाई नको.

खरी गंमत हवेच्या दाबात आहे. पंक्चरवाला हात आवरत नाही, पन्नास-साठ पीएसआय भरून देतो आणि टायर दगडासारखा झाला की समाधानानं थाप मारतो. डांबरावर ते चालेल. मुरमावर तो टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, पकड धरत नाही आणि तासाभरात मनगटं भरून येतात. सत्तर किलोच्या माणसानं सव्वादोन इंची टायरमध्ये, आत ट्यूब असेल तर, पुढं २८-३० आणि मागं ३२-३४ च्या आसपास हवा ठेवावी. त्याहून फार कमी केली तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटून एकदम दोन छिद्रं पडतात. ट्यूबलेस असेल तर आणखी चारपाच पीएसआय उतरवता येतात. शिवाय पावसाळा संपल्यावर रस्त्याच्या कडेला सराटे पसरलेले असतात आणि पाणंदीत बाभळीचे काटे. टायरमधलं सीलंट ही छिद्रं आपोआप बुजवतं. दर चार-सहा महिन्यांनी ते सुकतं, तेव्हा निघण्याआधी हलवून बघा.

जुन्नर गावात पंक्चर निघेल, पण २७.५ किंवा २९ इंची ट्यूब तिथं मिळेलच असं धरून चालू नका. दोन ट्यूब स्वतःच्या न्या. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा, म्हणजे प्रेस्टा असेल तर गावातला पंप त्याला बसत नाही. नखाएवढा पितळी ॲडॅप्टर खिशात ठेवा. हातपंप, टायर काढायचे लिव्हर, मल्टिटूल, चेनची एक क्विक लिंक, चार केबल टाय आणि जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा एवढं सामान हवं. टायर दगडानं चिरला तर तो तुकडा आतून लावून घरापर्यंत येता येतं. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: मागचा डिरेलर ॲल्युमिनियमच्या ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो हँगर मुद्दाम नाजूक केलेला असतो. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो आणि गिअर बोंबलतात. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा. तुमच्या सायकलचा जादा हँगर घेऊन ठेवा, कारण तो ऐनवेळी पुण्यातही सापडत नाही.

चालवायचं कसं, ते मैदानात शिकून या. तरी इथल्या जमिनीपुरतं थोडं सांगतो. सह्याद्रीतली अडचण मोठ्या धोंड्यांची नसते. ते दिसतात, टाळता येतात. फसवतो तो टणक कातळावर पसरलेला सुटा मुरूम, म्हणजे फरशीवर सांडलेली मोहरीच. त्यावर वळताना ब्रेक लावला की चाक सरकलंच. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना लावायचा, आणि वळणात सोडून द्यायचा. थांबवायची बरीचशी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. त्याला घाबरून फक्त मागचा ब्रेक दाबणारे लोक उतारावर घसरत राहतात. दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट ठेवा, दाब हळूहळू वाढवा. उतार सुरू होण्याआधी सीट चारेक बोटं खाली घ्या, दोन्ही पेडल एका पातळीत आणा, सीटवरून उठा, कोपर आणि गुडघे सैल सोडा. नजर चाकापुढच्या दगडावर नको, दहा-पंधरा पावलं पुढं हवी. ज्या दगडाकडं बघाल त्याच्यावरच चाक जातं. चढावर याच्या उलट: सीट वर, छाती हँडलकडं झुकलेली, बसूनच पेडल मारायचं. उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन उठतं आणि मुरमात ते जागच्या जागी फिरतं.

उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. पुढं काय आहे ते दिसत नसेल तर उतरा.

आता प्रत्यक्ष वाट. पहिला दिवस जुन्नरच्या आसपासच घालवा. पाडळीजवळच्या तुळजा लेण्यांत गोल विधानाचं चैत्यगृह आहे, बारा खांबांचं वर्तुळ. अशी रचना फार थोड्या ठिकाणी दिसते आणि तरी तिथं गर्दी नसते. लेण्याद्री जुन्नर गावापासून पाचेक किलोमीटरवर. अष्टविनायकांतला गिरिजात्मज एका बौद्ध लेण्यातच बसलेला आहे. शिवनेरी संध्याकाळी पायी चढा. शिवरायांचा जन्म १६३० चा. पण त्यांच्या हयातीत हा गड स्वराज्यात आला नाही, ही गोष्ट गडावर उभं राहून आठवली तर वेगळीच वाटते. या दिवसाचे रस्ते बहुतेक डांबरी, मधेमधे पाणंदी. सायकलचा आवाज ओळखायचा, काही खडखडतंय का ते बघायचं, हवेचा दाब लावून घ्यायचा, एवढंच काम.

दुसरा दिवस नाणेघाटाचा. जुन्नरहून आपटाळे, पुढं चावंडचा पायथा, मग पूरचं कुकडेश्वर, आणि शेवटी घाटघर. एकूण तीस-पस्तीस किलोमीटर. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आणि नाणेघाट सव्वाआठशेच्या आसपास, त्यामुळं कागदावर चढ किरकोळ दिसतो. त्याला भुलू नका. रस्ता सतत वरखाली होतो आणि पश्चिमेचा वारा दुपारनंतर समोरून येतो. उजव्या हाताला माणिकडोह धरणाचं पाणी दिसत राहतं, पलीकडच्या तीरावर हडसर. धरणाच्या काठानं आणि वाड्या जोडणाऱ्या कच्च्या रस्त्यांनी जमेल तितकं डांबर सोडा; पण वाट वहिवाटीची असली पाहिजे. भातखाचराचा बांध ही वाट नव्हे. एका सायकलनं बांधाचा कोपरा ढासळला तर वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात जातं आणि दोन घरांत भांडण लागतं.

कुकडेश्वरला तासभर थांबा. कुकडी नदीच्या उगमापाशी असलेलं हे जुनं दगडी शिवमंदिर परंपरेनं शिलाहार राजा झंझाच्या नावाशी जोडलं जातं. कोरीव काम बघण्यासारखं आहे, आणि सावली आहे. तिथून पुढं झाडी दाट होत जाते: जांभूळ, हिरडा, अंजन, करवंदीच्या जाळ्या. करवंदीच्या फांद्या नेमक्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, तेव्हा चष्मा किंवा गॉगल आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. हेल्मेटबद्दल वेगळं लिहायची वेळ आता गेली, असं मी धरतो.

नकाशाबाबत एक इशारा. घाटघर नावाची गावं दोन आहेत. दुसरं भंडारदऱ्याच्या वर, अकोले तालुक्यात. तेही कड्यावर, तेही धुक्यात. फोनमध्ये नुसतं ‘घाटघर’ टाकलंत तर तो खुशाल तिकडं नेईल. ‘नाणेघाट’ टाका, आणि नकाशा आधीच उतरवून घ्या, कारण दऱ्यांत रेंज जाते.

एका दिवसात जाऊन यायचं तर साठ-सत्तर किलोमीटर होतात. कच्च्या वाटेवर तासाला बारा किलोमीटर पडले तरी चांगले म्हणायचे. थांबे धरून दिवस पुरा जातो. मला तरी घाटघरला मुक्काम जास्त पटतो. संध्याकाळी नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्यावर पायी जाता येतं. कड्याजवळ सायकल चालवायची नाही. तिथला वारा झोतानं येतो आणि आडव्या अंगानं ढकलतो. सकाळी जीवधन करायचा असेल तर गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्या, तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी चढाई अवघड आहे.

पायात जोर असेल त्यांच्यासाठी तिसरी वाट: आपटाळ्याच्या बाजूनं इंगळूण, आंबे, हातवीज करत दुर्गवाडी. आंबे-हातवीजचा घाट फुप्फुसांची परीक्षा बघतो. वर दुर्गादेवीची देवराई आहे. देवराईत सायकलवरून उतरायचं, काडीही उचलायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. इथली झाडी टिकली आहे ती या रिवाजामुळंच. आणखी दक्षिणेला भीमाशंकर अभयारण्याची हद्द येते. तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय जंगलवाटेनं सायकल घालू नका.

बिबट्याचं काय, हे घरचे विचारतीलच. जुन्नर वनविभाग बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रही आहे. पण गोष्ट जरा वेगळी आहे. कुकडीच्या कालव्यांनी पूर्वेकडं ऊस आला, उसात बिबट्याला आडोसा मिळाला, वाड्यावस्त्यांवर कुत्री-शेळ्या मिळाल्या. म्हणजे भीती वाटायची तर पश्चिमेच्या जंगलापेक्षा नारायणगाव-जुन्नर पट्ट्यातल्या उसाच्या कडेची वाटावी. उजाडल्यावर निघा, दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचा. तरीही उशीर झालाच तर दिवे लावून, बोलत, घोळक्यानं या. पंक्चर झालं तर उसाला लागून उकिडवे बसू नका. खाली वाकलेला माणूस लहान दिसतो. मोकळ्या जागेत या, एकानं काम करावं, बाकीच्यांनी उभं राहावं. वन्यप्राण्याची अडचण आली तर वनखात्याची मदतवाहिनी १९२६, अपघाताला १०८.

बिबट्यापेक्षा कुत्र्यांशी गाठ पडण्याची शक्यता कितीतरी जास्त. राखणीची कुत्री सायकलमागं धावली तर पळू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये ठेवा आणि चालत पुढं जा. दहापैकी नऊ वेळा त्यांचा उत्साह तिथंच संपतो. गुरांच्या कळपामागून येताना घंटी वाजवून गुराख्याला हाक मारा. म्हैस बिचकली तर ती कुठं वळेल ते तिलाही ठाऊक नसतं.

यायचं कसं? पुण्याहून नारायणगावमार्गे एसटी आहे, पण सायकल घेतील की नाही हे बऱ्याच अंशी वाहकाच्या मर्जीवर. स्वतःची गाडी असेल तर जुन्नरला ठेवून तिथून निघा. मुंबईकरांना कल्याणहून माळशेज घाट जवळ पडतो. तो सायकलवर चढायचा मोह होईल. पण अरुंद वळणं, मालमोटारी आणि वरून सुटणारे दगड बघता मी तो सल्ला देणार नाही. पाणी दरडोई तीन लिटर, मिठाची पुडी, गूळ-शेंगदाणे, बँडेज आणि खरचटल्यावर लावायचं औषध. एकट्यानं जाऊ नका, तिघंचौघं बरे; एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि बाकीचे मदत आणतात.

जेवणाची सोय घाटघरला घरगुती होते. भाकरी, पिठलं, भात, आमटी. आधी सांगितलं तर मासवडीही. हॉटेल नाही, घर आहे, त्यामुळं आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं आणि माउली त्या हिशोबानं पीठ काढते. सहा जणांचं सांगून चौघं गेलात, तर पैसे सहांचे द्या.